आईची पंच्याहत्तरी आणि आगबोट

वाढदिवस ही वस्तू आमच्या घरात फार उशिरा आली. आईच्या पिढीतल्या आमच्याकडच्या कितीतरी माणसांचा जन्म सरकारी दप्तरात १ जून रोजी झालेला आहे. ही करणी आम्हा मास्तर मंडळींची. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराच्या बापाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. शाळाही सुरू आणि पोराचे वयही सुरू! आईच्या दाखल्यावर १ जूनच आहे. पण तिची आई सांगे ते निराळे. १९४९ सालच्या मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला ही जन्मली. त्या तिथीने २०२४ च्या मार्गशीर्षात आईला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली.

माझ्या मनात घरच्या घरी करायचे होते. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळावे, चार नातेवाईक बोलवावेत, पुरणपोळी करावी. पण माझ्या बहिणीची मुले मुंबईत असतात. त्यांनी कोणाला न विचारता तिकिटेच काढली. मुंबईहून निघायचे, गोव्याला एक दिवस उतरायचे आणि पुन्हा बोटीनेच मुंबईला यायचे. “आजीचा वाढदिवस क्रूझवर!” असे त्यांनी फोनवरून जाहीर केले. मी आईकडे पाहिले. ती नाही म्हणणार याची मला खात्री होती. कारण पंच्याहत्तर वर्षांत तिने बोटीवर पाऊल ठेवले नव्हते. तिचे माहेर अलिबाग तालुक्यात, रेवसच्या अंगाला. तिथली माणसे रोज लाँचने भाऊच्या धक्क्याला जातात-येतात. पण आई मुंबईला गेली ती नेहमी पेणवरून, एस.टी.ने. याचे कारण मी पुढे सांगणार आहे. त्याआधी आमच्या मुलखाचे आणि बोटीचे नाते काय होते, ते सांगितले पाहिजे. नाहीतर त्या कारणाचे वजन वाचकांना कळायचे नाही.

वर्गात मी मुलांना विचारतो, “पेणला बंदर होते काय रे?” मुले हसतात. त्यांच्या लेखी पेण म्हणजे गणपती, पोहे, पापड आणि हमरस्त्यावरची वाहनांची गर्दी. पण भोगावती नदीवरचे अंतोरे हे पेणचे बंदर. भरती आली की होड्या आत येत, ओहोटी लागली की चिखलात कलंडून पडत. इथले तांदूळ आणि मीठ याच वाटेने मुंबईला गेले. तिकडे रोह्याला कुंडलिका. तिच्या मुखाशी रेवदंडा आणि चौल. चौलची कीर्ती तर फारच जुनी. ग्रीक आणि रोमन व्यापाऱ्यांना ते ठाऊक होते. अरब प्रवासी अल मसूदी दहाव्या शतकात तिथे येऊन गेला. आणि पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा बरोबर घेऊन चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. सांगायचा मुद्दा असा, की ज्यांना आपण आज आडबाजूची गावे समजतो, ती एके काळी जगाच्या दारात होती. ते दार पाण्याचे होते, इतकेच.

या पाण्यावर सत्ता गाजवली ती आंग्र्यांनी. १७२९ साली कान्होजी वारले तोवर मुंबईतल्या इंग्रजांना समोरच्या खांदेरीकडे पाहूनच शिडे उभारावी लागत. पुढे शिडांचा जमाना सरला आणि वाफेचा आला. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि कोकण यांच्यामध्ये आगबोटी सुरू झाल्या. पेणकरांची आगबोट धरमतरला लागे. बैलगाडीने किंवा पायी वडखळवरून धरमतर गाठायचे, भरतीची वाट पाहायची आणि मुंबईला जायचे. गिरणीत खाते मिळालेला, छापखान्यात लागलेला, कोणाच्या घरी स्वयंपाकाला राहिलेला, असा प्रत्येक माणूस त्याच वाटेने गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशीचे वारे वाहू लागले तेव्हा इथल्या लोकांनी आपल्याच भांडवलावर एक कंपनीही काढली. तिला लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. पुढे या किनाऱ्यावरच्या बोटींना रामदास, तुकाराम अशी संतांची नावे मिळाली. संताच्या नावाची बोट बुडत नाही, अशी भाबडी श्रद्धा त्यामागे असेलही. समुद्राला मात्र नावे वाचता येत नाहीत. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी वादळात गेल्या.

आता गंमत पाहा. आमच्याकडे बोट ही पोटासाठी चढायची वस्तू होती, तेव्हा युरोपात ती मौजेची वस्तू होऊ लागली होती. १८४४ साली पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीने भूमध्य समुद्रातल्या सफरींची जाहिरात केली. लोकांना गोडी लागावी म्हणून कादंबरीकार थॅकरेला तिने फुकट तिकीट दिले आणि त्याने परत येऊन त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. (मीही कादंबऱ्या लिहितो, पण मला अजून कोणी फुकट तिकीट दिलेले नाही!) पुढे जर्मनीतल्या हांबुर्गच्या आगबोट कंपनीचा कारभारी आल्बर्ट बालिन याच्यापुढे एक व्यवहारी प्रश्न उभा राहिला. हिवाळ्यात अटलांटिक समुद्र खवळलेला असे आणि अमेरिकेला जाणारे उतारू घटत. मोठमोठ्या बोटी धक्क्याला बांधून ठेवायच्या म्हणजे खर्च चालू आणि मिळकत बंद. त्याने ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही आपली उत्तम बोट २२ जानेवारी १८९१ रोजी २४१ हौशी प्रवाशांना घेऊन भूमध्य समुद्रात पाठवली. दोन महिने ती बंदरे करीत फिरली. प्रत्येक बंदरात उतरायचे, गाव पाहायचे, आणि पुन्हा बोटीवर येऊन झोपायचे. आजची क्रूझ ती हीच. रात्री चालायचे आणि दिवसा थांबायचे, हा त्यातला मुख्य हिशोब. माणूस झोपेत असताना अंतर कापले जाते आणि उजाडल्यावर दारात नवे गाव उभे असते. बोट म्हणजे चालते घर, आणि बंदराचा दिवस म्हणजे त्या घराच्या ओसरीवरून खाली उतरणे.

आपल्याकडे याच काळात समुद्र ओलांडणे हे पाप मानले जात होते. विलायतेहून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. आनंदीबाई जोश्यांची जन्मतारीख ३१ मार्च १८६५. आणि डॉक्टर होण्यासाठी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या ती तारीख ७ एप्रिल १८८३. म्हणजे अठरावे वर्ष पुरे होऊन जेमतेम एक आठवडा झाला होता! नवरा बरोबर नाही, माहेरचे कोणी नाही. सोबतीला परक्या मिशनरी बायका. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वयाला आपल्याकडे मुलीला जत्रेलाही एकटी सोडत नसत. असो. सुखासाठी समुद्रावर जाणे ही कल्पना आपल्या समाजाच्या डोक्यात सहजासहजी शिरणारी नव्हती, एवढाच याचा अर्थ.

आणि तरीही कोकणच्या बोटीवर सुख नव्हते असे नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट पणजीला जाई. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाल्यावर ही वाहतूक वाढली. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. डेकवर वळकटी पसरायची, दशम्या सोडायच्या, रात्री कोणीतरी पेटी काढायची. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. लाटेवर वर-खाली होणाऱ्या पडावात ट्रंक, पोर, म्हातारी, कोंबड्या यांना हातोहात उतरवले जाई. पडाव वाळूला लागला की बायका खाली वाकून पाण्याला हात लावीत आणि तो कपाळाला लावीत. बंदराला उतरणे म्हणजे सुखरूप पोचणे. त्यात मौज होती. पण आधी सुटकेचा निःश्वास होता.

हा निःश्वास जिथे कायमचा अडकून राहिला, तो दिवस म्हणजे १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्याची अमावास्या. तिलाच लोक गटारी म्हणतात. सण गाठण्यासाठी मुंबईतले कुलाबा जिल्ह्यातले चाकरमाने घरी निघाले होते. (आपला जिल्हा रायगड झाला तो १९८१ साली, तेव्हा तो कुलाबाच होता.) ‘रामदास’ बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. पुढे पाऊस आणि वारा वाढला. काशाच्या खडकाजवळ एका प्रचंड लाटेने बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट आडवी होऊन बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे डोळ्यांसमोरच्या समुद्रात एवढा अनर्थ होऊनही मुंबईला बातमी कळायला दिवस उलटला. जे वाचले त्यांतले पुष्कळ जण रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळी बांधवांच्या होड्यांनी वाचवले. मासळी पाण्यात टाकून त्यांनी माणसे आत घेतली, असे आमच्याकडे सांगतात. आमच्या जिल्ह्यात अशी गावे आहेत, की जिथे त्या अमावास्येला एकाच वेळी कितीतरी चुली विझल्या.

आईचे वडील तेव्हा मुंबईत एका दुकानात कामाला होते. त्यांनी सणासाठी दोन दिवसांची सुटी मागितली होती. मालकाने ती दिली नाही. आजोबा चिडले, भांडले, आणि गल्ल्यामागे तसेच धुमसत उभे राहिले. त्यांच्या खोलीवरचे तिघे सोबती पहाटे निघाले. आजोबांनी त्यांच्याजवळ घरी द्यायला एक पितळी निरांजन दिले होते. दिव्याच्या अमावास्येला घरात नवे निरांजन असावे म्हणून. संध्याकाळी बातमी आली. तिघांतला एकही परत आला नाही. निरांजनही अर्थातच नाही.

आई जन्मली ती यानंतर अडीच वर्षांनी. म्हणजे तिचा वाढदिवस हा एका नाकारलेल्या सुटीचा हिशोब आहे. आजोबांनी पुढे मालकाला कधी दोष दिला नाही आणि त्याचे आभारही मानले नाहीत. ते म्हणत, “मी वाचलो यात माझी काय कमाई?” मुंबईची नोकरी मात्र त्यांनी सोडली. दरवर्षी दिव्याच्या अमावास्येला ते स्वतः विहिरीवर बसून घरातले सगळे दिवे चिंचेने घासत. त्या दिवशी त्यांच्या घरात मांसमच्छर शिजले नाही. आणि आपल्या पोरींपैकी एकीलाही त्यांनी बोटीवर चढू दिले नाही. आईच्या लग्नात त्यांनी तिला एक पितळी निरांजन दिले. ते आजही आमच्या देवघरात आहे.

म्हणूनच क्रूझचे नाव काढल्यावर आई नाही म्हणणार, अशी माझी खात्री होती. ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या आजोबांचं भय मी पंच्याहत्तर वर्षं सांभाळलं. आता पोरांच्या हाती द्यायचं का ते? काढली आहेत तिकिटं तर जाऊ या.”

आम्ही गेलो. बोट कसली, पाण्यावर तरंगणारा वाडाच! मजल्यावर मजले, उद्वाहक, पोहायचा तलाव, नाटकघर. आत शिरण्यापूर्वी सामानाची तपासणी झाली. आईच्या पिशवीत तबक, सुपारी, अक्षता, ते पितळी निरांजन आणि तुपात भिजवलेल्या पंच्याहत्तर फुलवातींचा डबा होता. बहिणीने त्या रात्री जागून केल्या होत्या. डबा आत गेला. काडेपेटी ठेवून घेतली गेली. बोटीवर कोठेही उघडी ज्योत पेटवायची नाही, असे तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितले. माझी भाचरे हिरमुसली. मला मात्र ते पटले. बोटीला पाण्याइतकेच आगीचेही भय असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीवर कापसाला आग लागली. त्याच बोटीत दारूगोळा होता. त्या स्फोटांनी गोदी उद्ध्वस्त झाली आणि शेकडो माणसे गेली. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरच्या माणसांच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांत पहिला करार झाला. जीवरक्षक नौका किती हव्यात, बिनतारी यंत्रावर चोवीस तास माणूस हवा की नको, हे सारे नियम तेव्हापासून लिहिले गेले. बोट सुटण्याआधी आम्हाला सगळ्यांना एके ठिकाणी बोलावून, संकट आले तर कुठे जमायचे आणि जीवरक्षक जाकीट कसे घालायचे, ते दाखवले. तरुण मंडळी हसत होती. आई मात्र वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ऐकत होती. शेवटी मला म्हणाली, “हे त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर?” मी काय उत्तर देणार!

संध्याकाळी बोट बंदराबाहेर निघाली. आई कठड्याशी उभी होती. “कासा कुठे रे?” तिने विचारले. मी डाव्या हाताला, मांडव्याच्या दिशेने अंधारत चाललेल्या पाण्याकडे बोट दाखवले. दिसत काहीच नव्हते. ती दिशा मागे पडेपर्यंत तिने कठडा सोडला नाही. नंतर जेवणाच्या दालनात केक आला, गाणे झाले, परक्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. आईने हसून केक कापला. मेणबत्ती अर्थातच नव्हती. फुंकून विझवायला काही नाही, म्हणून तिला उलट बरेच वाटले असावे. आपल्याकडे वाढदिवसाला दिवा लावतात, विझवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा गोव्याचे मुरगाव बंदर समोर होते. पडाव नाही, खांद्यावर ट्रंका नाहीत. शिडी उतरलो आणि धक्क्यावर आलो. पण खाली पाय टेकताच आई वाकली आणि तिने जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. जन्मात बोटीने कधी कुठे न उतरलेल्या बाईला हे कोणी शिकवले होते?

पोरांना किनाऱ्यावर जायचे होते. आईने आधी वास्कोच्या दामोदराचे देऊळ गाठायला लावले. देवाला नमस्कार केला आणि बाहेर आडोसा पाहून आम्ही तिला पाटाऐवजी घडी घातलेल्या शालीवर बसवले. तबकात फुलवाती मांडल्या, मध्ये आजोबांचे निरांजन ठेवले. आणि मग सर्वांच्या लक्षात आले की काडेपेटी नाही! जवळच फुले विकायला बसलेल्या एका बाईने आपली काडेपेटी पुढे केली. किती वर्षांची झाली म्हणून तिने विचारले. आम्ही सांगितल्यावर तिने एक अबोलीचा वळेसर उचलून आईच्या अंबाड्यात माळला आणि पैसे घेतले नाहीत. पंच्याहत्तर वाती पेटल्या. बहिणीने ओवाळले, माझ्या बायकोने ओवाळले, नाती-सुनांनी ओवाळले. शेवटी त्या फुलवाल्या बाईलाही आईने तबक हातात घ्यायला लावले. वारा होता, पण वाती टिकल्या.

मला तेव्हा वाटले ते असे. वाढदिवस आणि बंदर या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत. वर्षभराचे पाणी कापून आपण एका दिवसाच्या काठाला लागतो. इतके लोक लागले नाहीत, आपण लागलो. यात आपली कमाई थोडी. कोणी नियम लिहिला म्हणून, कोणी मासळी टाकून होडी वळवली म्हणून, कोणी सुटी नाकारली म्हणूनसुद्धा आपण इथे असतो. औक्षणाच्या दिव्याने माणसाचे आयुष्य वाढते की नाही, मला ठाऊक नाही. पण ते आयुष्य कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आले, हे त्या उजेडात थोडे दिसते. दिवाळीच्या दिव्यांचेही काम बहुधा हेच असावे.

धरमतरला आता आगबोट लागत नाही. १९८६ मध्ये रोह्यापर्यंत रेल्वे आली, पुढे कोकण रेल्वे झाली, आणि जुन्या बोटी आठवणीत गेल्या. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ नावाची विहारनौका सुरू झाली, तेव्हा कान्होजींच्या घराण्याचे नाव पुन्हा या पाण्यावर आले. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी मोठी बोटही धावू लागली. पेणचे गणपती तर आमच्याही पुढे गेले आहेत. परदेशची चतुर्थी गाठण्यासाठी ते कित्येक महिने आधी पेट्यांत बसून बोटीने निघतात. देवालाही आपल्या उत्सवाला बोटीनेच जावे लागते, तिथे आमची काय कथा!

संध्याकाळी ठरल्या वेळेआधी आम्ही बोटीवर परतलो. काडेपेटी त्या बाईला परत केली होती. निरांजन आईने रुमालात गुंडाळून उशाशी ठेवले.

पहाटे मला जाग आली तेव्हा बोट मुंबईजवळ पोचली होती. मी वर जाऊन पाहिले. समुद्र शांत होता आणि उजव्या हाताला मांडव्याच्या बाजूचे दिवे दिसत होते. आईला उठवावे, निदान परतताना तरी तिला ती जागा नीट दाखवावी, असे वाटून मी खोलीत आलो. ती गाढ झोपली होती. मी तिला उठवले नाही. काशाचा खडक केव्हा मागे गेला, ते तिला कळलेसुद्धा नाही.